पाचव्या चंद्राले लावलेला कूलर

नागपुरातून चंद्रावर गेलेला पहिला माणूस मी. गेलो म्हणजे सीताबर्डीच्या एका गल्लीत, टिनाच्या छपराखाली, स्टुलावर बसून गेलो, अन् जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा तोंडावर आपटलो, तो भाग सोडून द्या.

माह्यं शिक्षण तिसरी. तिसरीत मी दोन वर्षं होतो, म्हणजे वर्षं पाहिली तं चौथी झालीच समजा. मास्तरनं माह्या बापाले बोलावून सांगितलं, "याले हाताचं काही शिकवा. डोक्याचं याच्या डोक्यात जात नाही." बापानं मले कूलरच्या कामाले लावलं. टिनाची पेटी ठोकाची, तिच्या तीन बाजूले खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवाच्या, ताट्यांवर पाणी झिरपत ठेवाचं, मधात पंखा. बाहेरची लू, ती गरम हवा, त्या ओल्या खसमधून आत येते अन् गार होते. एवढंच माह्यं विज्ञान. उन्हाळ्याचे तीन महिने मी राजा. मोठमोठे वकील, डॉक्टर विचारत, "काय गा भाऊ, आमच्याकडं कवा येऊन राहिला?" पाणी पडलं का तेच लोक मले पाहून सायकलची घंटी वाजवत, बाजूले हो म्हणून.

घराघरात टीव्ही नव्हते तवाची गोष्ट. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागाच्या आधी एक बाई मले शोधत घरी आली. नवरा ट्रक चालवणारा, महिन्यातून चार दिवस घरी. त्यानं मुंबईहून व्हिडिओ गेमची एक जुनी मशीन आपल्याच ट्रकमधी टाकून आणली, भाड्याच्या घराच्या समोरच्या खोलीत ठेवली, अन् "आता तू पाहा" म्हणून निघून गेला. दुकान तिच्या गळ्यात पडलं. मी तिले वहिनी म्हणो.

"मशीन तापते," वहिनी म्हणाल्या. "पोरं खेळता खेळता मधातच अटकते. कूलर लावून दे."

"लावून देतो. माणसाले लावतो तसाच मशीनले."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सायकलवर टिनाचे पत्रे बांधून मी तिथं पोचलो. उन्हातून आत पाय ठेवला तं डोळ्यापुढं अंधार, अन् त्या अंधारात बारीक बारीक चांदण्या. हलून राहिल्या होत्या. मी चौकट धरली अन् खाली बसलो.

"वहिनी, कांदा आहे का घरात? मले लू लागली. डोळ्यापुढं तारे चमकून राहिले."

"ते मशीनमधले तारे आहेत," वहिनी म्हणाल्या. "ऊठ."

अशी आमची ओळख झाली, माही अन् त्या मशीनची.

मशीन म्हणजे लाकडाचं कपाट, छातीएवढं उंच. त्यात काच, काचेखाली एक दांडी अन् दोन बटनं. चित्र काळं-पांढरंच. रंग दिसावा म्हणून काचेवर पन्नीच्या, म्हणजे पातळ रंगीत प्लास्टिकच्या, पट्ट्या चिकटवल्या होत्या, खाली लाल, वर निळी, मधात काही नाही. खेळ असा का तुमचं एक यान आहे, ते चंद्रावर उतरवाचं. एक उतरला का दुसरा, असे पाच चंद्र. दर चंद्रावर उतरणं पहिल्यापेक्षा कठीण.

कूलर ठोकता ठोकता मी बी पैसे देऊन एखादा खेळ खेळो, अन् आपटलो का काचेवर मोठी इंग्रजी अक्षरं येत. मले वाटलं शाबासकी देऊन राहिले. आपण बी माणुसकी सोडू नये, म्हणून मी दर वेळी हात जोडून नमस्कार करू लागलो. चार दिवसांनी कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं, "काय बे कूलरवाले, हे काय करून राहिला?"

"ते आपल्याले चांगलं म्हणते, तं आपण बी..."

"अबे, 'खेळ खतम, तू मेला' म्हणून लिहून आलं ते!"

सारी खोली हसली. मी बी हसलो. पण मेल्यावर मशीनले नमस्कार करणारा मीच एकटा, हे माह्या डोक्यातून आठ दिवस गेलं नाही.

वहिनीच्या डोक्यात दुसरंच होतं. त्याईचं सासर नागपूरजवळच्या कुहीकडलं, धानाची शेती. सासूबाईचं पोस्टकार्ड काउंटरच्या काचेखाली ठेवलेलं होतं. वहिनीनं मले ते वाचून दाखवलं होतं, मले वाचता येत नाही हे माहीत होतं म्हणून. दुकान चालत नसन तं रोवण्याले, धानाच्या लावणीले, या, पोरगीले बी घेऊन या, इथं घर रिकामं पडलं आहे, असं होतं त्यात. पोरगी तवा सातवीत जाणार होती. त्या गावात शाळा चौथीपर्यंत.

"शाळा उघडेपर्यंत दुकान चाललं तं आम्ही इथं राहू, असं मी सासूबाईले लिहून दिलं," वहिनी म्हणाल्या. "नाही चाललं तं मशीन विकून टाकाची अन् गावाले जाचं. मंग पोरगी चौथीच्या पुढं शिकलेली गावातली एकटीच, अन् तिथंच थांबलेली."

मी म्हटलं, "मी तं तिसरीतच थांबलो, काय बिघडलं?"

वहिनीनं माह्याकडं पाहिलं. मंग तेच कार्ड काचेखालून काढून माह्यापुढं धरलं. 

मशीन अटके ती चौथ्या चंद्रापाशी. तिथपर्यंत खेळ लांबला का ती इतकी तापे का चित्र तिरपं होऊन थांबून जाय. पाचवा चंद्र कोणालेच दिसला नव्हता. पोरं म्हणत, "मशीन बदमाश आहे, चौथ्याच्या पुढं जाऊच देत नाही." एकेक करून दुसरीकडं जाऊ लागले होते. सुट्ट्यांचे दिवस गेले तं वर्षभराचं दुकान गेलं, हे वहिनीलेही माहीत होतं अन् मलेही.

आता मी जे केलं ते अक्कल असलेल्या माणसानं केलं नसतं. मी मशीनची मागची फळी काढली. कूलर खिडकीत लावला, त्याच्या तोंडाले टिनाचं एक भोंगाडं जोडलं, अन् ते सरळ मशीनच्या पोटात सोडलं. ओली गार हवा थेट आतल्या तारांवर. ज्याले विजेचं काही कळते त्यानं मले तिथंच धरून मारलं असतं. पण तिथं विजेचं कळणारा कोणी नव्हता, अन् वरून नवतपा. नवतप्यात लुगडं पिळून दोरीवर टाकलं तं दुसरं पिळेपर्यंत पहिलं वाळते. आत गेलेली ओल ती कोरडी हवा तिथल्या तिथं पिऊन टाके. मशीन थंड राहू लागली. पोरं वापस आले. तरी चौथा चंद्र पार होत नव्हता, पण आता दोष मशीनचा नव्हता, पोरांचा होता. अन् पोरांले तेच पाहिजे होतं.

मजुरीच्या बदल्यात मी म्हटलं, "वहिनी, रोज दुपारी कूलरमधी पाणी भराले येतो. तवा मले खेळू द्या."

"दुपारी कोणीच येत नाही, खेळ."

ती दुपार माह्या अजून ध्यानात आहे. एक ते चार गल्लीत कुत्रं बी नसे. वहिनी आतल्या खोलीत पोरगीच्या बाजूले पडलेल्या. खिडक्यांले गोणपाट. खसचा वास, पाण्याची टिपटिप, अन् समोर ते काळं आकाश. कोणी खेळत नसलं तं यान आपलं आपण फिरत राहे, ताऱ्यातून हळूच सरकत, कोणाची वाट न पाहता. मी पुष्कळदा दांडीले हात न लावता नुसतं तेच पाहत बसो. दिवसभर लोकांच्या छपरावर उन्हात पत्रे ठोकणारा माणूस मी. इतकी मोकळी जागा, अन् तिथं आपल्याले कोणी हाका मारत नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या चंद्रावर नुसता आवाज, धडधड. दुसऱ्यावर मोठे मोठे दगड उडत. तिसऱ्यावर उतराच्या वेळी धूळ उठे, अन् ती इतक्या सावकाश खाली बसे का मी यान सोडून धुळीकडंच पाहत राहो, अन् तितक्यात आपटो. एकदा पेट्रोल संपलं, उंचावरच. इंजनचा आवाज एकदम बंद झाला. यान पडून राहिलं होतं, पण आवाज नाही. ते पडणं काही संपेना. मी स्टुलाले दोन्ही हातानं धरून बसलो होतो, जसा काही मीच पडून राहिलो. त्या शांततेत मले माह्या छातीतलं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं, ठोकाठोकीत कुठं ऐकू येते?

चौथ्यावर आवाज जवळजवळ नव्हताच. दूर कुठं एक टिक. थांबे. मंग पुन्हा टिक. घड्याळ म्हणावं तं घड्याळासारखं सारखं नाही. तिथं पोचलो का मी बी श्वास हळू घेऊ लागो. का घेऊ लागो, ते विचारू नका. मशीनले काय ऐकू जाते का? पण देवळात बी आपण हळूच बोलतो.

पंधरा दिवसांत मी चौथ्या चंद्रावर तीन वेळा पोचलो, तीनही वेळा आपटलो. नमस्कार करणं बंद केलं होतं.

मंग एक दिवस सकाळपासून ढग आले. पाणी नाही, नुसते ढग. उमस अशी का बनियन अंगाले चिकटलेलं. आता इथं थांबून एक गोष्ट सांगतो. उन्हाळाभर ज्याच्या घरी कूलर लावला त्या प्रत्येकाले जाता जाता मी एकच गोष्ट बजावतो, का ढग आले का कूलर बंद करा. हवेत आधीच ओल असली तं कूलर थंड करत नाही, नुसतं ओलं करते. भिंती, कपडे, पापड, सारं ओलं. वकिलाले सांगितलं, डॉक्टरले सांगितलं. एका म्हातारीले तं तिघांसमोर कबूल करून घेतलं होतं.

त्या दुपारी मी खेळाले बसलो अन् हात असा बसला का तसा कधी बसला नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा, धुळीकडं पाहिलंच नाही. चौथ्यावर उतरून राहिलो होतो तवा वहिनी आतून आल्या.

"काय गा, आज गदमदून राहिलं. कूलर बंद करू का?"

मले माहीत होतं. हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगतो का मले माहीत होतं. पण कूलर बंद केला तं मशीन तापन, अन् तापली तं चित्र अटकन, अन् पाचवा चंद्र तिथंच राहून जाईन.

"राहू द्या वहिनी," मी म्हटलं. मान बी वळवली नाही.

"तुले कळते ना त्यातलं?"

"मले नाही तं कोणाले कळते?"

त्या काउंटरमागं जाऊन तांदूळ निवडत बसल्या. मी चौथ्या चंद्रावर उतरलो. टिक. थांबलं. काच काळी झाली. मले वाटलं मेलो. पण अक्षरं आली नाहीत.

पाचवा आला.

तिथं काहीच नव्हतं. दगड नाही, धूळ नाही, धडधड नाही. खाली एक सरळ रेघ, तेवढी जमीन. यान आपलं आपण हळूच उतरलं, दांडी माह्या हातात असून मले काही करा लागलं नाही. टिक बी बंद झाली. अन् मंग त्या रेघेमागून एक गोल वर येऊ लागला. चंद्र तं पायाखाली होता, मंग हे काय वर येऊन राहिलं? तवा ध्यानात आलं, आपली पृथ्वी. लाल पन्नीखाली होती तोवर लाल दिसली, जशी नवतप्यात असते तशी. मधात आली तं पांढरी. अन् वर सरकत सरकत निळ्या पट्टीत गेली तं निळी झाली, गार, पाण्यानं भरल्यासारखी. ती पन्नी आहे हे मले माहीत होतं, माह्याच फडक्यानं मी ती रोज पुसत होतो. तरी अंगावर काटा आला. आपण सारे तिथं आहो, हे ढग, ही गल्ली, माही बायको, वहिनी, कुहीचं धान, सारं त्या अंगठ्याएवढ्या गोलात. अन् मी एकटा इकडं बाहेर उभा.

किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. मंग मशीनच्या मागून चर्र आवाज झाला, जळल्याचा वास आला, अन् काच विझली.

वहिनी उठून आल्या. "काय झालं गा?"

"लाइन," मी म्हटलं. "व्होल्टेजचा झटका आला असन."

वहिनी मशीनपुढं उभ्या राहिल्या. बटन दाबलं, पुन्हा दाबलं. मंग आतून एक चादर आणली अन् मशीनवर टाकली, माणसावर टाकतात तशी. शाळा उघडाले दहा-बारा दिवस होते. त्या मले काही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "तुह्याच्यानं झालं तेवढं तू केलं."

हे ऐकून मी घरी गेलो. बायको म्हणाली, "तोंड काहून असं केलं?" मी म्हटलं, "काही नाही वं, उमस." म्हणजे दिवसात दोन वेळा खोटं बोललो, एकदा विजेवर ढकललं अन् एकदा हवेवर.

सकाळी मी पुन्हा गेलो. समोरच्या खोलीत पोरगीची सहावीची पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवलेली. वरून सातवीचं एक नवं, कव्हर घातलेलं, ते बी त्यातच बांधलं होतं. मी इतक्या वर्षांत पुस्तकाकडं धड पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या सुतळीच्या गाठीकडं पाहत उभा राहिलो.

"वहिनी, व्होल्टेज नव्हतं."

"मंग?"

"ओल गेली आत. ढग होते. तुम्ही म्हटलं होतं बंद करू का, मी नाही म्हटलं."

"तू लोकाइले काय सांगत असते? ढग आले का?"

"कूलर बंद करा."

"अन् माह्या दुकानात ते काहून नाही आठवलं?"

"मी त्या वेळी नागपुरात नव्हतो, वहिनी. चौथ्या चंद्राच्या पुढं गेलो होतो."

मले वाटलं हसतीन. हसल्या नाहीत. खरं सांगतो, माणसाले आपला विनोद किती पातळ आहे ते अशा वेळी कळते.

"फळी काढ," त्या म्हणाल्या.

फळी काढली. फ्यूज जळलेला होता, तो रेडिओवाल्याकडून दुसरा आणला, पण काच काही उजळली नाही. आतल्या तारांच्या पाट्या हाताले ओल्या लागत होत्या, घाम आल्यासारख्या. मी एकेक पाटी काढली, कोणती कुठली ते ध्यानात राहावं म्हणून रंगीत दोरे बांधले, कारण त्यावर जे लिहिलं होतं ते मले वाचता येत नव्हतं. मंग म्हटलं, "ढग फाटले तं छपरावर टाकतो. कडक वाळतीन."

"टिनावर टाकू नको, तडकतीन," वहिनी म्हणाल्या. "धान बी एकदम कडक उन्हात वाळवलं तं भरडताना तुटते. धानाच्या घरची आहो मी. ओल हळूहळू काढा लागते."

त्याईनं घरातली टिनाची कोठी पुढं ओढली. तिच्यात कुहीहून आलेले वर्षाचे तांदूळ, जुने, कोरडे ठणठणीत. पाट्या एका धुतलेल्या, कोरड्या लुगड्यात गुंडाळल्या, तांदळाच्या मधोमध पुरल्या, झाकण लावलं, अन् झाकणाच्या फटीले कणीक लावून बंद केली. त्या चार दिवसांत त्या घरी भात शिजला नाही. धानाच्या घरची बाई अन् पोरगीले रोज पोळी. पोरगी कुरकुर करे, "आई, भात कवा?" वहिनी म्हणत, "यान वाळू दे." मी रोज जाऊन कोठीपाशी बसो. हात लावाची मले मनाई होती.

पाचव्या दिवशी कणीक खरवडून कोठी उघडली. पाट्या कोरड्या. दोऱ्यांच्या रंगानं मी त्या जागेवर बसवल्या. एक उलटी बसवत होतो, वहिनीनं हात धरला. "लाल दोरा खाली होता." मंग बटन दाबलं. काच काळीच.  मंग मधात एक ठिपका आला. मंग दुसरा. मंग साऱ्या चांदण्या, हळूहळू सरकत.

वहिनीनं पुस्तकांच्या सुतळीची गाठ सोडली. सातवीचं पुस्तक काढून पोरगीच्या हातात दिलं.

मी कूलर त्याच दिवशी उपटून नेला. पावसाळी हवेत मशीनले टेबलफॅन पुरला. शाळा उघडेपर्यंत दुकानात पोरांची गर्दी होती. त्यातले दोघं-तिघं पाचव्या चंद्रावर बी पोचले. एक म्हणाला, "काहीच नाही बे तिथं," अन् पुन्हा पहिल्यापासून खेळू लागला. वहिनीनं सासूबाईले कार्ड लिहिलं, रोवण्याले चार दिवस मी येते, पोरगी येणार नाही, तिची शाळा आहे. मले वाचून दाखवलं.

कार्ड पेटीत टाकून आल्यावर त्या म्हणाल्या, "एक सांग. त्या दिवशी तू इतकं काय पाहून राहिला होता, का मी बोलली तरी मान वळवली नाही?"

मी स्टुलावरून उठलो. मनातलं सारं सांगितलं. ती सरळ रेघ, ती शांतता, रेघेमागून हळूहळू वर आलेली आपली पृथ्वी, आपली सारी जमीन, लाल, मंग पांढरी, मंग निळी. सांगता सांगता माह्या डोळ्यात पाणी आलं. वहिनीनं सारं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू जमीन पाहाले तिथं गेला होता?" त्या म्हणाल्या. "त्यासाठी माही मशीन जाळली? अरे, कुहीले गेला असता. आमची बारा एकर पडली आहे तिथं, रोवण्याले माणूस भेटून नाही राहिला."